उमेदवाराच्या सदऱ्याला खडू

रुद्रप्पा मडवाळविषयी कोणी काही लिहील असे वाटत नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. शाळेत इंग्रजी शिकवताना फळ्यावर लिहिले तेवढेच माझे लेखन, तेव्हा कुठे अडखळलो तर दोष माझा, रुद्रप्पाचा नव्हे.

त्याची इस्त्रीची टपरी सत्तावीस वर्षे आमच्या घरासमोर होती. रंगीत कपडे त्याची बायको काशम्मा बघे. पांढऱ्याला मात्र तो तिचाही हात लागू देत नसे. निळीचे पाणी तो उन्हाकडे धरून बघायचा, साबुदाण्याची खळ दोन बोटांत चोळून बघायचा, आणि डाग निघणार नसेल तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा, "ह्ये न्हाय निघायचं. उगं आशा लावू नगा." आमच्या प्रभागातल्या यच्चयावत पुढाऱ्यांचे सदरे त्याच्याकडे येत. सभेत एकमेकांना चोर म्हणणारे पक्ष त्याच्या टपरीत एकाच दोरीवर खांद्याला खांदा लावून लोंबत असत. शहरातली एवढी एकी मी दुसरीकडे पाहिली नाही.

यंदा निवडणूक लागली आणि त्याच आठवड्यात टपरीवर नोटीस चिकटली: रस्ता रुंद होणार, पंधरा दिवसांत जागा मोकळी करा. रुद्रप्पाने ती मला वाचायला लावली. दोनदा.

"अण्णांना सांगतो की," तो म्हणाला.

अण्णा म्हणजे सोमशेखर. याआधी दोनदा पडलेले, तिसऱ्यांदा उभे राहणारे. टपरी कायम करून देण्याचा शब्द त्यांनी दोन्ही वेळा दिला होता आणि दोन्ही वेळा पडल्यामुळे तो मोडायची वेळ आली नव्हती.

त्या दुपारी रुद्रप्पा त्यांच्याच सदऱ्यावर इस्त्री फिरवत होता. सहज विचारल्यासारखे म्हणाला, "सर, ह्यास्नी कँडिडेट का म्हणत्यात वो?"

असा प्रश्न मला चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी जरा जास्तच बोललो. सांगितले की हा शब्द मुळात उजेडाचा आहे. लॅटिनमध्ये चकाकणे, लखलखणे या अर्थाचा एक धातू होता. त्यातूनच मेणबत्तीला कँडल म्हणू लागले. लखलखीत पांढऱ्याला कँडिडस म्हणत, आणि जुन्या रोममध्ये मते मागायला निघालेला माणूस अंगावरच्या वस्त्राला खडू चोळून ते चकचकीत करी, म्हणून तो कँडिडेट. मनात काळेबेरे न ठेवता बोलणाऱ्यालाही पुढे कँडिड म्हणू लागले.

रुद्रप्पाने इस्त्री उभी केली. "म्हंजी तितंबी परटाबिगर निवडणूक होत नव्हती की!"

"नसावी."

"आन् जो खरं बोलतोय त्यो आन् जो मतं मागतोय त्यो, दोघं एकाच घरातलं?"

"शब्दापुरते."

"पुढं वाटण्या झाल्या असतील," काशम्मा आतून म्हणाली.

एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण रुद्रप्पाला ही गोष्ट इतकी आवडली की संध्याकाळी सोमशेखर अण्णा कपडे टाकायला आले तेव्हा त्याने ती त्यांना ऐकवली. अण्णांनी बाकीचे सगळे सोडून खडू तेवढा उचलला.

"खडू लावत होते? राजे लोक?"

"व्हय, सर म्हनत्यात. सर, सांगा की."

मी मान डोलावली. तेवढे धैर्य माझ्याकडे नेहमी असते.

"मग आपल्यालाबी लाव. परवा अर्ज भरायचाय. समोरच्याचा सदरा आपल्यापुढं मळका दिसला पायजे."

"अण्णा, न्हाय टिकायचा. घाम आला की सुटंल. लई वाईट दिसंल."

"रुद्रप्पा, तुझ्या टपरीवर नोटीस हाय ना?"

"हाय."

"मग तू सदरा चमकव, मी टपरी बघतो."

खरे सांगायची सवय आणि सत्तावीस वर्षांची जागा, यांतले एक त्याला त्या रात्रीपुरते बाजूला ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडूनच खडूची पेटी नेली. पूड करून, मलमलीतून गाळून सदऱ्यावर चोळली. सदरा खरोखर असा झाला की त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत.

मुहूर्त अकरा वीसचा होता. अण्णा निघाले तेव्हा चौकातली माणसे नुसती बघत राहिली. मग पहिला हार पडला. फूलवाल्याने हार ताजा राहावा म्हणून पाणी मारलेले होते. दुसरा पडला, तिसरा पडला. ऊन चढले, घाम आला आणि अण्णांच्या छातीवर घराच्या भिंतीला चुन्याचा पहिला हात मारतात तशी लापशी तयार झाली. त्यात त्यांना गळाभेटीची सवय. ज्याला मिठी मारली तो पांढरा झाला. वकिलांचा काळा कोट पांढरा झाला. अर्जावर पाच बोटे उमटली, दुसरा अर्ज भरावा लागला. दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर अण्णा होते आणि खाली लिहिले होते, रंगकाम चालू आहे.

चार वाजता ते टपरीत आले. "मुद्दाम केलंस!"

"मी सांगिटलं व्हतं की, अण्णा."

"सांगितलंस! जोरात सांगायचं नाही? उमेदवार माणूस, हजार गोष्टी कानावर पडतात, हळू सांगितलेलं कसं ऐकू येणार?"

रुद्रप्पाने सदरा उतरवून घेतला, बनियनवरच्या अण्णांना माझ्या ओसरीत बसवले आणि तासाभरात तो पहिल्यासारखा करून दिला. टपरी गेलीच, असे आम्ही धरून चाललो.

पण मतदार ही निराळीच जात आहे. ज्यांच्या अंगाला पांढरे लागले होते ते आता अण्णांची माणसे ठरले. ते आठ दिवस तो शर्ट धुवायला टाकेनात. ज्यांना लागले नव्हते ते रुसले; त्यांच्या घरी जाऊन अण्णांना वेगळ्या मिठ्या माराव्या लागल्या. सोमशेखर अण्णा निवडून आले. मीही मत त्यांनाच दिले, रुद्रप्पाची टपरी डोळ्यांसमोर ठेवून.

नोटिशीचे पंधरा दिवस केव्हाच उलटून गेले तरी टपरी उभी होती. पालिकेचे पथक यायचे, आजूबाजूची पानपट्टी, चहाची गाडी, सायकलचे दुकान उचलून न्यायचे आणि रुद्रप्पाला नमस्कार करून पुढे जायचे. "अण्णांनी शब्द पाळला," तो दिसेल त्याला सांगे. मलाही वाटले, आपण उगीच माणसाला नावे ठेवतो.

महानगरपालिकेची पहिली सभा झाली. सभेसाठी अण्णांचे तीन जोड रुद्रप्पाकडे होते. ते आदल्या संध्याकाळी गेले. सभा बुधवारी झाली. टपरी गुरुवारी सकाळी उचलली.

रुद्रप्पाने भांडण केले नाही. आधी गिऱ्हाइकांचे कपडे माझ्या खाटेवर आणून रचले, मग इस्त्री, मग टेबल. दुपारभर तो आणि काशम्मा घरोघरी कपडे पोचवत हिंडले. अण्णांचे एक जाकीट राहिले होते. ते द्यायला तो निघाला तेव्हा मीही बरोबर गेलो. बोलायचे ठरवून गेलो होतो. बोललो नाही.

अण्णा बाहेर आले. "अरे रुद्रप्पा! टपरी कुटं गेली?"

"मोडली की."

"मी नाही हां. कॉर्पोरेशननं."

"मग आता तुमीच की कॉर्पोरेशन."

अण्णांनी नजर खाली, जाकिटाकडे वळवली. मला वाटले, लागले. मग त्यांनी जाकीट उजेडाकडे धरून उलटेसुलटे बघितले आणि खऱ्या काळजीने विचारले, "मग आता कपडे कुटं द्यायचे?"

"मंद्रूपला. काशम्माचं म्हायेर हाय. तितं बसनार."

"एवढ्या लांब?"

"न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या," रुद्रप्पा म्हणाला. "हितं नव्या मशिनीवाला आलाय. पर सांगून ठिवतो, त्येच्याकडं पांढरं पिवळं पडतंय."

महिनाभर अण्णा मशीनवाल्याकडे गेले आणि पिवळे पडले. आता दर शनिवारी त्यांची गाडी दोन बोचकी घेऊन मंद्रूपला जाते. रस्ता खराब आहे. रुद्रप्पा म्हणतो, अण्णांनी तो करून द्यायचा शब्द दिलाय.