नाळेतली तीन भोकं

"हात पुढे कर," बाई म्हणाल्या.

मी केला. वर्गात आम्ही अठरा मुली. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पुढच्या बाकावरच्या सुमनला म्हणाल्या, "हुंगून सांग गं, वास येतो का."

सुमनने माझा हात धरला नाही. नाक तेवढं जवळ आणलं. म्हणाली, "येते जी. थोडासाक."

सगळ्या हसल्या. घर सोडून मला दीड महिना झाला होता. दीड महिन्यात मी मासळीला शिवले नव्हते. रोज ड्युटीआधी लाल साबणाने कोपरापर्यंत हात धूत होते.

घडलं होतं एवढंच. बाईंनी विचारलं होतं, हृदयाला कप्पे किती. सगळ्यांच्या आधी हात वर करून मी म्हणाले होते, "दोन."

मी ढिवराची पोर. आमच्या तलावातली मासळी माय सानगडीच्या बाजारात विकायची. सात वर्षांची असल्यापासून मी तिच्याजवळ बसून मासे साफ करायचे. कल्ल्यांच्या मागे काळीज असतं. एक काळपट पिशवी आणि तिला चिकटून एक लाल, घट्ट गाठ. हजारदा पाहिलेलं. म्हणून दोन म्हणाले. माशाचं दोन कप्प्यांचं असतं आणि माणसाचं चार, एवढं बाईंनी सांगितलं असतं तर मला जन्मभर पुरलं असतं. त्यांनी हात हुंगवला.

त्या दिवसापासून हाडांच्या पेटीला हात लावायची मला मनाई झाली. खऱ्या माणसाची हाडं होती ती, लाकडी पेटीत ठेवलेली. मुली एकेक हाड हातात घेऊन नाव घोकायच्या. मी मागे उभी राहून बघायची. "हाडांना वास लागेल," बाई म्हणाल्या. मुलींनी माझं नाव 'दोन कप्पे' ठेवलं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. जिल्ह्यातल्या एका केंद्रात दाईनर्सचं शिक्षण. दोन वर्षं शिकायचं, मग कौन्सिलची परीक्षा. पास झालं की रजिस्टरात नाव, तेव्हा कुठे नोकरी. आमच्या वस्तीत तोवर दहावी झालेली मी एकटी. नाव लागलं नाही तर परत टोपली डोक्यावर, हे मला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं.

तेव्हापासून माझा कशावरच विश्वास राहिला नाही. स्वतःच्या डोळ्यांवरही नाही, कारण त्यांनीच मला दोन सांगितलं होतं. कोणी काही शिकवलं की मी वॉर्डात जाऊन बघायची. नाडी मिनिटाला बहात्तर म्हणे. मी खाटेखाटेवर मोजली. श्वास मोजले. मुली पाठ करायच्या, मी तपासायची. सुमन एकदा आपणहून स्वच्छ अक्षरातली वही घेऊन आली. "घे, उतरून घे," म्हणाली. मी घेतली नाही. दुकानदाराची मुलगी मला वही काहून देते, या विचाराने मला दिवसभर घेरलं. ती मनापासून देत होती की बाईंनी पाठवलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

शेवटचा महिना उजळणीचा. बाई एक पिवळी पडलेली वही उघडायच्या आणि एकेक ओळ सांगायच्या. आम्ही लिहायचं, मग एका सुरात म्हणायचं. माणसाच्या अंगात हाडं दोनशे सहा. धमनीची भिंत जाड, नीलेची पातळ. नाळेत एक धमनी, दोन नीला.

मी हेही म्हटलं. बाकीच्या सतरा जणींबरोबर, मान हलवत.

मग प्रसूतीच्या खोलीत गेले. नाळ कापल्यावर वारेकडचं टोक फडक्याने पुसलं आणि उजेडात धरलं. तीन भोकं. दोन बारीक, भिंत घट्ट, चिमटीत दाबलं तरी उभी राहणारी. तिसरं मोठं आणि सैल, लगेच बसणारं. मासे साफ करणाऱ्या बोटांना असं चटकन कळतं. पण मागे माशानेच फसवलं होतं. म्हणून मी घाई केली नाही. दुसरी नाळ पाहिली, तिसरी पाहिली. पाच नाळा पाहिल्या. प्रत्येकीत जाड भिंतीची दोन, पातळ भिंतीचं एक. जाड भिंत धमनीची, हे बाईंनीच सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले. "बाई, नाळेत धमन्या दोन असतात. नीला एक."

बाईंनी वही मिटली. "मागे काळजाचे कप्पे दोन सांगत होतीस. आता नाळ शिकवतेस?"

"मी पाहिलं."

"तुमच्याकडे पाहून शिकतात, माहीत आहे. खाली बस."

मी बसले नाही. हट्ट म्हणून नाही. पाय वाकलेच नाहीत.

संध्याकाळी बाईंनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझं केसबुक होतं. वीस बाळंतपणं, सगळी माझ्या हातची, सगळी माझ्या अक्षरात. प्रत्येकाखाली बाईंची सही लागते. वीस सह्या असल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म जात नाही. बाई म्हणाल्या, "'मी वर्गात चुकीचं बोलले, उद्धटपणे बोलले', असं लिहून दे. सही करते."

मी म्हणाले, "उद्या सांगते." खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

सुमन म्हणाली, "एक कागद त आहे वं. लिहून दे ना. मंग परीक्षेत तुले जे लिहाचं ते लिही."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला तिचा संशय आला.

तीन दिवसांनी माय आली. तिला कोणी कळवलं, तेही मला माहीत नाही. मी वॉर्डातून सुटून येईपर्यंत ती बाईंच्या घरी जाऊन आली होती. केंद्राच्या फाटकाशी बसली होती, रिकामं मडकं मांडीशी.

"बाई चांगली आहे वं," ती म्हणाली. "तू कागद लिहून दे म्हने. सही करते म्हने."

"मडक्यात काय आनलं होतं?"

"मरळ. जिती. ठेवून घेतली बाईनं."

मरळ पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. माय तिला मडक्यातल्या हातभर पाण्यात घालून एस.टी.ने घेऊन आली होती.

"साफ कोनं केली?"

मायने मडकं दुसऱ्या बाजूला सरकवलं.

"माय, साफ कोनं केली?"

"मीच केली. मांगच्या दारानं ये म्हने, मोरीपाशी कापून दे म्हने. त्याले काय होते?"

मी तिचे हात धरले. हुंगले. ताज्या मरळीचा वास होता. मला त्या वासाची लाज वाटली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटली नाही. राग आला, एवढा की कानशिलं तापली. वास माझ्या हाताला येत होता. ताटातल्या मासळीला येत नव्हता. नाकाचं काही नव्हतंच ते. कोणाला मागच्या दाराने आणायचं, एवढंच होतं.

"तुले नर्स व्हाचं आहे का नाही?" माय म्हणाली.

"व्हाचं आहे."

"मंग काहून अडून राहिली?"

"मी खरं सांगितलं माय. खऱ्याची माफी नाही लिहून देत."

माय रडली. मी तिला समजावलं नाही. फाटकापासून एस.टी. स्टँडपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाळंतपण होतं. बाई देखरेखीला, आम्ही सात-आठ मुली भोवती. मूल रडलं, नाळ बांधून कापली, वार पडली. बाळंतिणीचं सगळं नीट झाल्यावर मी वार एनॅमलच्या ट्रेमध्ये घेतली, बाजूच्या खोलीत नेली. बाई आणि मुली मागोमाग आल्या. नाळेचं टोक पुसलं, चिमटीत धरलं आणि ट्रे बाईंच्या पुढे केला.

"मोजा, बाई."

"ट्रे खाली ठेव."

"मोजून सांगा. मग ठेवते."

बाईंनी ट्रेकडे पाहिलं नाही. "आधी हात धुऊन ये," म्हणाल्या.

"हात धुतलेले आहेत. हुंगायचे असतील तर हुंगा."

मला फक्त सुमन दिसत होती. तिचे डोळे नाळेवर होते आणि ओठ हलत होते. ती मोजत होती. मोजून झाल्यावर तिने मान खाली घातली.

सही झाली नाही. माझा फॉर्म गेला नाही. सतरा जणी परीक्षेला गेल्या, मी माझी पत्र्याची पेटी घेऊन घरी गेले. सहा महिने तलावावर मासे साफ करत घोकलं. मेंदूच्या नसा बारा जोड्या. फासळ्या बारा जोड्या. साधं तापमान अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. माय दोन महिने रुसून होती. मग एक दिवस आपणहून म्हणाली, "मोठ्यानं म्हन, मीबी आयकतो." मी मोठ्याने म्हणू लागले.

बाईंची बदली झाली, तशी मी परत केंद्रात गेले. नव्या बाईंनी केसबुक उघडलं आणि मान वर न करता वीस सह्या एका दमात केल्या. मला आनंद झाला नाही. एवढंच होतं तर सहा महिने कोणाचे गेले, असं वाटलं. परीक्षेत नाडी विचारली, कवटीची हाडं विचारली. नाळेचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मी पास झाले. रजिस्टरात नाव लागलं.

मग मी चिखल्याच्या बाजूला नोकरीला लागले. खाणीतल्या मजुरांच्या बायका, जंगलाकडच्या गावांतल्या बायका. प्रत्येक बाळंतपणाला मी नाळेची भोकं मोजली. एकदा दोनच निघाली, एक बारीक आणि एक मोठं. अशा मुलाचं हृदय, मूत्रपिंड तपासून घ्यायचं असतं. ते मूल मी बापाच्या मागे लागून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. 'एक धमनी, दोन नीला' घोकणारी नर्स तिथे असती तर तिने पाहिलंच नसतं.

अलीकडे माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या एका मुलीची वही चाळली. तीच ओळ. नाळेत एक धमनी, दोन नीला. बाई गेल्या, वही गेली नाही. मुलीला म्हटलं, "हे कोनं सांगितलं?" ती म्हणाली, "मॅडमनं लिहून देल्लं." मी पेन दिलं नाही. प्रसूतीच्या खोलीत नेलं, नाळ तिच्या हातात दिली. म्हटलं, "मलेही विचारू नको. मोज." तिने मोजलं, आणि स्वतःच्या हाताने ती ओळ खोडली.

मी माफी लिहिलेली नाही. लिहिणार नाही. ती ओळ जिथे दिसेल तिथे खोडायला लावीन, वही कोणाचीही असो. बाळंतपणाआधी मी हात कोपरापर्यंत धुते, कारण तो नियम आहे. धुतल्यावर हुंगत नाही. ज्याला वास येतो, त्याने मागच्या दाराने जावं.