मी लिहिलेलं भाषण
गावच्या नाटकात त्याला वाक्यं कधीच पाठ होत नसत. विंगेतून मीच सांगायचो. पुढे तो टीव्हीवर दिसू लागला आणि गावाला मी दिसेनासा झालो. कारखान्याला जमिनी देऊ नका म्हणत मी चार वर्षं दारोदार फिरलो, तेव्हा जेमतेम वीस माणसं जमायची. तो मोर्चाला आला, तर खालापूरच्या तहसील कचेरीसमोर पाय ठेवायला जागा नाही.

भाषण अर्थात मीच लिहून दिलेलं. मध्येच तो अडला आणि जुन्या सवयीनं माझ्याकडे पाहू लागला. मी मुद्दाम गप्प राहिलो. तो हसला.

"भाषन या दादानं लिवलंय. पुढचं त्यालाच ठावं हाय," म्हणत त्यानं माईक माझ्या हातात दिला आणि लोकांत जाऊन बसला.

मी जीव ओतून बोललो. लोक मान वळवून त्याच्याकडेच बघत होते.