अक्कांचा फळा

अक्कांनी कधी कुणाची परवानगी मागितलेली मला आठवत नाही. नव्वदच्या दशकात बंगळुरूच्या आमच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. मूळच्या निपाणीच्या, त्यामुळे मराठी पोरींशी बोलताना तिकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' चालायचं. आम्हा खेळाडूंना त्या बजावत, "परवानगी मागितली की समोरचा न्हाई म्हणायला मोकळा. आपण नुसतं कळवायचं." प्राचार्यांच्या दारात उभ्या राहून त्या कानडीत "कळवायला आले, सर" म्हणत आणि काय ते सांगून परत फिरत. प्राचार्य मागे 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', करत राहायचे.

मी चारशे मीटर धावायचे. विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली, आणि त्याच आठवड्यात हजेरी कमी म्हणून प्राचार्यांनी बोलावलं. सरावापायी सकाळचे अक्कांचे तास बुडत होते. "परीक्षेला बसू देणार नाही. पळायचं की शिकायचं ते ठरव," ते म्हणाले. मी रडतच अक्कांकडे गेले.

"आधी तोंड धू," त्या म्हणाल्या. "रडक्या तोंडानं भांडता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानापाशी रिक्षा थांबली. आत अक्का, मांडीवर आडवा फळा. रिक्षावाला कुरकुरत होता, पण 'अण्णा, अण्णा' करत त्यांनी त्याच्याकडूनच तो उतरवून घेतला. मग रोज सराव संपला की पायऱ्यांवर तास. आम्ही घामेजल्या अंगाने केळी खात सरासरी काढायचो आणि अक्का रीतसर हजेरी घ्यायच्या. मैदान म्हणजे वर्ग नव्हे, असं प्राचार्यांनी सुनावलं.

"फळा आहे, खडू आहे, मुलं आहेत," अक्का म्हणाल्या. "तुमच्या वर्गात तर मुलंच नसतात."

हजेरी भरली. मी स्पर्धेला गेले, चौथी आले, परत येऊन परीक्षाही दिली. एवढा खटाटोप करून पदक कुठंय, असं प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं. "चौथी आलीय," अक्का म्हणाल्या. "तुम्ही पळून दाखवा." दाराबाहेर उभी राहून मी ते ऐकलं. इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

नव्या वर्षी कॉलेज उघडलं आणि अक्कांची होसकोटेच्या शाखेत बदली झाली. कशामुळे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही प्राचार्यांना विनंती करायला निघालो, तर त्या आमच्यावरच डाफरल्या. "हात जोडायला कोण गेलं तर बघा. मी चाललो. फळा हितंच ऱ्हाऊ दे." बस हलली तरी त्यांनी खिडकीतून मागे वळून पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि संतापही.

दुसऱ्या दिवशी सराव संपला तरी कुणी घरी जाईना. शेवटी मी खडू उचलला आणि नव्या पोरींना मला येत होतं तेवढं शिकवू लागले. फेरी मारायला आलेले प्राचार्य फळ्यासमोर थांबले.

"कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?"

मी खडू हातातच धरून त्यांच्याकडे वळले.

"परवानगी नाही, सर," मी म्हणाले. "कळवतेय."

आणि फळ्याकडे वळून पुढचं गणित घातलं.