एझ्रा वाकरुळकर यांची प्रकृती

इंदोऱ्यातल्या आपल्या गल्लीत एझ्रा वाकरुळकर एकटे राहतात आणि निम्म्या गल्लीच्या लेखी ते ख्रिस्ती आहेत. ही समजूत दुरुस्त करण्याचा नाद त्यांनी पन्नाशीतच सोडला. ज्यू म्हणजे कोण हे सांगायला बसावे, तर ऐकणारा एक तर हिटलरपाशी थांबतो किंवा इस्राएलच्या ठिबक सिंचनापाशी. मधली-मागची तीन हजार वर्षे ऐकण्याइतकी सवड कुणालाच नसते. नॅरोगेज गाडीवर गार्ड म्हणून अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला सिग्नलची वाट पाहण्याची सवय असते, एवढेच.

म्हणून बेसा भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव गिरिधर बक्षी ‘ज्यूंचा इतिहास : प्राचीन ते अर्वाचीन’ या विषयावर व्याख्यान मागायला आले, तेव्हा वाकरुळकरांना, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सिग्नल पडल्यासारखे वाटले. बक्षींचे पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात कारकून होते. ही माहिती ते चहा येण्यापूर्वीच देतात.

वाकरुळकरांनी दोन महिने खपून चाळीस पाने लिहिली. जेरुसलेमचे मंदिर दोनदा पडले. त्याला त्यांनी दोन पाने दिली. बाबिलोनच्या बंदिवासाला एक, युरोपातल्या हाकलपट्ट्यांना आणि कत्तलींना सहा. कोकणात नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांना मात्र नऊ. त्यांची पोथी समुद्रात गेली, भाषा गेली, प्रार्थनाही गेल्या. उरली ‘देव एकच’ एवढी एक ओळ आणि एक वार. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवू लागले. कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, आणि त्यांनीही ते नाव निमूट वागवले. पुढे शतकांनी कोचीनकडून आलेल्या एका ज्यू पाहुण्याने त्यांच्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली, अशी परंपरा सांगते. बायकांनी ज्यूंना वर्ज्य असलेले, खवले नसलेले मासे न बोलता बाजूला काढले, आणि पाहुण्याला आपली माणसे सापडली. मग पलटणी, टपाल, रेल्वेतल्या नोकऱ्या, मग इस्राएल. वाकरुळकरांचे थोरले भाऊ साठ साली तिकडे गेले, तर लग्नाच्या वेळी त्यांच्याकडे आजी-पणजी ज्यू असल्याचे पुरावे मागण्यात आले. हे शेवटचे पान त्यांनी तीनदा लिहिले आणि तिन्ही वेळा कागद फाटेल इतके पेन दाबले.

बक्षींनी टिपण चाळले. “उत्तम. फक्त ‘तेली’ हा शब्द टाळू या. सभासदांमध्ये त्या समाजाचे लोक आहेत, उगीच कुणाला लागायचं.”

“मला नाही लागला तो. दोन हजार वर्षं.”

“आणि मासे गाळू. मंडळ शाकाहारी आहे हो, वाकरुळकरसाहेब. त्यापेक्षा सहा दिवसांचं युद्ध घ्या. काटोलचे काही संत्रा बागायतदार येणार आहेत, तर वाळवंटातल्या बागांवर दोन शब्द. आणि भावाचं ते पान नकोच. आपण गौरव करायला बसतो आहोत.”

म्हणजे ज्यांचा गौरव करायचा त्यांनीच हजर राहू नये, अशी ती सूचना होती. वाकरुळकरांनी तीही अर्धीमुर्धी मानली. बोलण्याच्या हावेपुढे माणूस किती पाने फाडू शकतो, हे त्यांना त्या आठवड्यात कळले, आणि स्वतःविषयी त्यांचे जे मत आधीच फारसे बरे नव्हते ते आणखी उतरले. बक्षी टिपणाची एक प्रत प्रस्तावनेसाठी म्हणून घेऊन गेले.

मग निमंत्रणपत्रिका आली. चांगल्या जाड कागदाची, वर सहा टोकांचा तारा. खाली तारीख. शनिवार, सकाळी दहा.

या वाराशी वाकरुळकरांचा हिशेब जुना होता. सारे बुडवून ज्या लोकांनी एक वार वाचवला, त्यांच्या या वंशजाने अडतीस वर्षे दर शनिवारी ड्यूटीपत्रकावर सही केली होती. आई शनिवारी चूल पेटवत नसे. डबाही देत नसे, आणि दारापर्यंत येतही नसे. तिचा निषेध एवढाच. ती गेली, नोकरी संपली, आणि वाकरुळकरांनी ठरवले की आता शनिवारी गॅस नाही, वाहन नाही, पेन नाही. चौदा वर्षांत एकही शनिवार मोडला नव्हता. शेजारच्या प्रेमिलाबाई त्या दिवशी आपल्या घरून चहाची किटली आणून ठेवतात आणि कारण विचारत नाहीत.

त्यांनी फोन केला. बक्षी हसले. “हॉल शनिवारीच मिळतो. आणि बोलणं म्हणजे काही काम नव्हे. मी गाडी पाठवतो.”

“गाडीत बसून यायचं आणि माईकवर सांगायचं, की आमच्या लोकांनी शनिवार मोडला नाही.”

“एका शनिवारानं काय होतं?”

नेमका हाच प्रश्न वाकरुळकरांनी स्वतःला एकदा विचारला होता, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. “येणार नाही,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तो शनिवार त्यांनी ओसरीवर काढला. दहा वाजता, टाळ्या पडत असतील अशा वेळी, प्रेमिलाबाई किटली घेऊन आल्या. “तुमचं भाषण होतं ना जी आज, काका? काहून गेले नाही?”

“शनिवार आहे.”

“हो,” त्या म्हणाल्या. “माह्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् गावात मेलेलं ढोर ओढाले नाही म्हटलं. लोकं म्हणत, एकाच ढोरानं का होते?” आणि त्यांनी कप पुढे सरकवला. वाकरुळकरांना वाटले, चाळीस पाने उगाच लिहिली.

रविवारी प्रेमिलाबाई बाजारातून मासळी घेऊन आल्या. स्वतःसाठी बिनखवल्यांची वाम, त्यांच्यासाठी खवल्यांचा रोहू. वाम त्यांच्या पिशवीला लागू न देता. वाकरुळकर रोहूचे तुकडे तळत असताना दारात बक्षी आणि मंडळाचे दोन सभासद उभे राहिले. हातात संत्र्यांची पिशवी होती.

“उठलात कशाला? पडून राहा,” बक्षी म्हणाले.

“मला काय झालं आहे?”

बक्षींनी सभासदांकडे पाहिले, मग तव्याकडे. “काल आम्ही जाहीर केलं, की वक्त्यांची प्रकृती अचानक बिघडली. गैरसमज नको म्हणून. एका प्राध्यापकांनी आयत्या वेळी किल्ला लढवला. तुमच्याच टिपणावरून. ‘या लोकांनी सर्वस्व गमावलं, पण शनिवार सोडला नाही’ या वाक्याला तर टाळ्या थांबेनात.”

“मी का आलो नाही, ते सांगितलं असतं तर?”

“लोकांना आडमुठेपणा वाटला असता, साहेब. तुमचीच काळजी केली.”

सभासदांपैकी एकाने अदबीने पिशवी ओट्यावर ठेवली. “काटोलची आहेत. आजारपणात बरी.”

वाकरुळकरांनी आच बारीक केली, हात पुसला, पिशवी उचलली आणि ती बक्षींच्या हातात परत दिली. “आजाऱ्यासाठी आणलेली आहेत. घेतली, तर मी आजारी ठरतो.”

“अहो, फळं आहेत नुसती.”

“कालचा नुसता शनिवार होता.”

पुढच्या सभेत खुलासा करू असे बक्षी म्हणाले नाहीत, आणि वाकरुळकरांनीही तशी अपेक्षा दाखवली नाही. तिघे पिशवी घेऊन गल्ली उतरू लागले. समोरच्या ओट्यावरून कुणी तरी विचारले, “कोणाले पाहाले आले होते जी?” बक्षींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चाल वाढवली.

“गोड असतीन संत्रे,” आपल्या दारातून पाहत प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“असतीन,” वाकरुळकर म्हणाले आणि त्यांनी तुकडा उलटला.