बगळी आणि लाल चिमटा

बाई उंच, मान लांब, आणि एकदा कुठे उभी राहिली की हलायचं नाव नाही, म्हणून तिला सगळे बगळी म्हणत. हे नाव ठेवलं तिच्या पहिल्या मालकाने. त्याचं चपलाबुटांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांच्या पायात बूट चढवायला ही होती. एकदा एक पोरगा बूट घालताना असा किंचाळला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. आई रडकुंडीला, मालक कपाळाला हात लावून बसलेला, आणि ही आपली गुडघ्यावर बसून नुसती बघतेय.

"अगं बगळे," मालक म्हणाला, "मासा वर यायची वाट बघतेस का?"

तेवढ्यात तिने पोराचा मोजा काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. बोटांना टोचणारी शिवण बाहेर गेली आणि पोरगा गप्प. बूट घालून खुशाल दुकानभर फिरायला लागला.

त्या पोराबरोबर त्याच्या शिक्षिका आल्या होत्या. स्वमग्न मुलांना शिकवायचं केंद्र होतं त्यांचं. त्यांनी हिला तिथूनच उचलली. बगळी केंद्रात शिकली, परीक्षेत एकदा आपटली, पुन्हा बसली, पास झाली आणि मग घरोघर जायला लागली. जिथे मूल मारतं, चावतं, भिंतीवर डोकं आपटून घेतं, तिथे हिला बोलावणं यायचं. गेली की सुरुवातीला ही काहीच करायची नाही. कोपरा पकडायचा आणि बघायचं. तिचं म्हणणं असं, की मूल चावतं तेव्हाचा तमाशा सगळेच बघतात. जरा आधी काय झालं आणि चावल्यावर लगेच पदरात काय पडलं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

घरी नवरा टोमणा मारायचा, "दूध उतू गेलं तरी ही बघतेच आहे."

"उतू गेलेलं कुणीही बघेल," ही म्हणायची, "मी त्याच्या आधीचं बघत होते."

तर अशी ही बगळी एकदा एका लाँड्रीत जाऊन उभी राहिली. पुढे इस्त्रीचं टेबल, मधे कपडे धुवायची मशिनं, मागे अंगण आणि अंगणभर दोऱ्या. घर माडीवर. नवरा लांबच्या गाड्या चालवायचा, त्यामुळे लाँड्री सांभाळायची सून आणि म्हातारे सासरे. या सुनेची पोरगी नऊ वर्षांची. स्वमग्न, तोंडाने एक शब्द नाही. दिवसभर मशिनच्या काचेपुढे बसून आतले कपडे गरगर फिरताना बघायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं भिंगरी. बघत बसली की दृष्ट लागावी अशी. पण चावायची. आधी स्वतःचं मनगट, मग समोरच्याचा हात. आईच्या हातावर तर नवीन व्रणाला जागा नव्हती.

एका शाळेने तिला घरी पाठवलं होतं. आता उरली होती एकच, आणि तिथल्या मुख्याध्यापिका स्वतः घरी येऊन मूल बघणार होत्या. त्या नको म्हणाल्या तर भिंगरीला दूरच्या निवासी संस्थेत ठेवायचं, असं घरात ठरलं होतं. ठरत होतं तेव्हा आजोबा मधेच उठून अंगणात गेले होते.

"मशिन थांबलं की चावते," आई म्हणाली.

"छे, त्या इस्त्रीच्या वाफेला घाबरते," आजोबा म्हणाले.

बगळी दोघांना हो म्हणाली आणि मशिनांच्या मधे उभी राहिली. मशिनं थांबली, चालू झाली, इस्त्री फुसफुसली, पोरगी ढिम्म. पण कुणी जवळ जाऊन बोलायला लागलं, हे घाल, इकडे बघ, ऊठ बघू, की आधी तिचे खांदे वर जायचे. मग मान फिरायची. मग बोटं ताठ व्हायची. बोलणारा बोलतच राहिला की शेवटी दात. आणि दात लागले की बोलणारा ओरडत लांब.

"पोरगी पुरे म्हणतेय हो," बगळी म्हणाली. "खांद्याने सांगते, मानेने सांगते, बोटांनी सांगते. आपण ऐकतो फक्त दातांचं. मग तिने दुसरं काय करावं?"

आई इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली. आयुष्यभर जिला मुकी म्हटलं, ती रोज एवढं बोलत होती.

घरात कपड्यांचे सगळे चिमटे लाकडी, त्यात एकच प्लास्टिकचा, लालभडक. बगळीने तो मशिनच्या बाजूच्या खिळ्याला अडकवला आणि घराला कायदा घालून दिला: भिंगरीने हा ज्याच्या हातात दिला त्याने तिथल्या तिथे थांबायचं आणि मागे सरायचं. मग बगळी जवळ जाऊन काहीतरी विचारायची. भिंगरीचे खांदे हलले रे हलले की मागे बसलेली आई अलगद तिचा हात चिमट्याकडे न्यायची, तिथून बगळीच्या तळहातावर. "पुरे? बरं," म्हणून बगळी मागे. पुन्हा, पुन्हा. हळूहळू आईचा हात सुटला आणि भिंगरीचा एकटाच जायला लागला.

पण मग पोरीला चिमट्याची ताकद कळली, आणि विचारू नका. अंघोळीला चिमटा, फणीला चिमटा, स्वेटरला चिमटा. आजोबा शिंकले तर त्यांच्याही हातात चिमटा.

"ताई, अहो ही आता अंघोळच करेना," आई कुरकुरली.

"नाही केली दोन दिवस तर काय बिघडतं?"

"लाँड्रीवाल्याची नात आणि मळकी," आजोबा म्हणाले. "धंदा बसायचा आमचा."

"बसू दे. आधी तिला पटू दे की आपण ऐकतो. थांबायला मागाहून शिकवू."

आणि तसंच झालं. पुढे चिमटा घेतल्यावर बगळी म्हणायची, "एक तांब्या, मग पुरे," आणि खरंच एका तांब्यावर थांबायची. एकाचे पुढे चार झाले. आईच्या हातावरचे व्रण पिवळे पडून मावळायला लागले. काम फत्ते वाटत होतं.

मुख्याध्यापिका आल्या त्या दिवशी एका हॉटेलच्या चादरी वाळत घालायच्या होत्या. आजोबांची सकाळपासून नुसती धांदल. चादरी ढीगभर, चिमटे कमी. त्यांनी दिसेल तो चिमटा उचलला आणि दोरीवर लावला. उभा जन्म लाँड्रीत गेलेला माणूस, चिमट्याला चिमटाच समजणार.

मुख्याध्यापिकांना चिमट्याचं सगळं सांगून झालं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय बघतेस गं? मला दाखवतेस?" भिंगरीचे खांदे वर गेले. "माझ्याकडे बघतेस जरा?" मान फिरली. हात खिळ्याकडे गेला.

खिळा रिकामा.

दारात उभ्या आजोबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला आणि बगळीला सगळा उलगडा झाला. भिंगरीची बोटं ताठ झाली. मनगट तोंडाशी गेलं. आईने डोळे मिटून घेतले. संपलं, बगळी मनात म्हणाली, आणि धावायला पाऊल उचललं.

मनगट तोंडाशीच थांबलं. दात लागले नाहीत. भिंगरी उठली. खिळ्याकडे पाहिलं, मशिनच्या मागे वाकून पाहिलं, मग आजोबांच्या बगलेखालून अंगणात गेली. ओल्या चादरींच्या रांगांतून फक्त तिचे पाय दिसत होते. इकडून तिकडे, मग पुढच्या रांगेत. पाय थांबले, टाचा उचलल्या गेल्या आणि हॉटेलची पांढरीशुभ्र चादर धपकन चिखलात आली. भिंगरी तिच्यावरून चालत आत आली आणि तिने मुख्याध्यापिकांच्या तळहातावर लाल चिमटा ठेवला.

त्या माउलीने कायदा पाळला. तोंडातलं वाक्य गिळलं, स्टूल उचललं आणि पार इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. भिंगरी पुन्हा काचेपुढे.

मुख्याध्यापिकांनी तिथूनच हळू आवाजात विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

"द्यायला शिकवलं," बगळी म्हणाली. "नसला तर शोधायला नाही. तोवर कळ काढायलाही नाही. ते तिचं तिनेच केलं." इतकी वर्षं मुलांकडे बघण्यात गेली, पण असं काही तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या वर्गात दोरी नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "खिळा ठोकून घेते. सोमवारी आणा तिला."

आईने मान डोलावली आणि चादर उचलायच्या निमित्ताने अंगणात गेली. चादर चिखलात होती तशीच राहिली. आत आजोबा सुनेची वाट न बघता चहा टाकायला निघाले, आणि बगळी मशिनांच्या मधे उभी राहून काचेपुढच्या त्या लहानशा पाठीकडे बघत राहिली. चहा निवून गेला तरी तिचं बघून झालं नव्हतं.