व्हिएतनामच्या टाकीवर रेंज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे नंतर चहा नाकात जायचा नाही. हे मी घरी एकदाच सांगितलं, आणि आमची बायको अजूनही भात वाढता वाढता मधेच थांबते, तोंडाला पदर लावते आणि हसत सुटते. माझं ताट तसंच!

तर झालं काय, मी सावली तालुक्यातला साधा धान पिकवणारा माणूस. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटपली आणि शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात माझं नाव निघालं. कुठं? व्हिएतनामला! तिथले लोक धान कसं पिकवतात ते बघायला. जो तो घरी येऊन एकच विचारायचा, "पासपोर्ट झाला, कपडे झाले, पण मोबाईलचं कसं कराल जी तिथी?"

"मोबाईलचं मले नका सांगू!" मी म्हणायचो. मूल गावच्या दुकानातून परदेशचा पॅक मारून घेतला होता मी. नेट, फोन, मेसेज, सगळं त्यात. पॅकबद्दल गावात इतकं बोललो की लोक मला रस्त्यात टाळायला लागले.

आता आमच्या गावची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे रेंज सगळीकडे नसते. ती असते ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर. ज्याला फोन लावायचा तो शिडीनं वर चढतो, फोनवाला हात उंच करतो आणि गरगर फिरतो. खालून दुसरा कुणी आला की वरच्यानं सरकून जागा द्यायची. रेंज एकट्यानं वापरणं आमच्याकडे चांगलं समजत नाहीत. चार माणसं हात वर करून उभी दिसली की गावाला कळतं, आज रेंज आली!

व्हिएतनामला पोचलो. दोन दिवस माझा फोन मुका. मी काळजी केली का? छे! रेंज काय, आज नाही तर उद्या येईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो. माझ्यासोबत सिंदेवाहीचे मोरेश्वरभाऊ. त्यांचा फोन हॉटेलच्या वायफायवर चालायचा. तो वाजला, आणि त्यांनी तो माझ्यासमोर धरला. पलीकडून माझी मुलगी शीतल, रडकुंडीला आलेली.

"बाबा, तुमचा फोन काऊन लागून नाई राह्यला? कृषी कॉलेजात नंबर लागला माझा! आज पाचच्या आत सीट पक्की करा लागते. ओटीपी तुमच्या नंबरावर जाऊन राह्यला. पाच वाजले की सीट दुसऱ्याले!"

शीतल आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पोर. अकरावी-बारावीला दोन वर्षं सायकलनं सावलीला गेली, पावसाळ्यात चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन. आणि तिच्या फॉर्मवर माझा नंबर कसा? तिनं आधी स्वतःचाच लिहिला होता. मीच खोडायला लावला. म्हटलं, घरचा कर्ता माणूस मी, नंबर माझा पाहिजे! आता बोला.

"मी सेतू केंद्रातच बसून राह्यतो," शीतल म्हणाली. "दर अर्ध्या तासानं ओटीपी मागवतो. तुमी फक्त फोन चालू करा जी बाबा."

मोरेश्वरभाऊ म्हणाले, "भाऊ, गाईडले दाखवा ना फोन."

"काऊन? माझ्या फोनले का झालं? इथी रेंज नाई, बस!"

आमचा गाईड तिथलाच, पण हिंदी बोलणारा. गुणी माणूस. त्याला विचारलं असतं तर एका मिनिटात काम झालं असतं. पण गावभर पॅकच्या फुशारक्या मारलेला माणूस असा विचारतो होय?

त्या दिवशी आम्हाला एका खेड्यात नेलं. बाकीचे शेतकरी रोवणीचं यंत्र बघत होते आणि मी फोन उंच धरून धानाच्या बांधीच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं फिरत होतो. जेवलो नाही. यंत्राला किती चाकं होती विचाराल तर सांगता येणार नाही. दिवस कलला. फोनमधलं घड्याळ अजून आपलीच वेळ दाखवत होतं. सव्वाचार झाले होते आणि शीतल तिथं वाट बघत बसली होती.

एवढ्यात मला काय दिसलं माहीत आहे? राईस मिलच्या बाजूला पाण्याची टाकी. लोखंडी शिडीसकट! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परदेशात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं हो!

सरसर वर चढलो. हात उंच केला. पूर्वेला फिरलो, उत्तरेला फिरलो. काहीच नाही. मग डोकं चालवलं. सूर्य बुडतो तिकडं पश्चिम, म्हणजे तिकडं आपला देश, म्हणजे रेंज तिकडूनच येणार! पश्चिमेच्या काठावर जाऊन चवड्यांवर उभा राहिलो आणि हात लांबवला.

खाली एका बाईनं वर पाहिलं, हातातली टोपली टाकली आणि ओरडली. दोन माणसं धावत आली. मग पाच. मग पंचवीस! आणि काय सांगू, एकेकानं खिशातून फोन काढला आणि हात उंच केला!

मी म्हटलं, अरे बाप्पा! म्हणजे यांनाही रेंजचा तोच त्रास? आणि यांना वाटतंय मला सापडली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी माणसं खाली ताटकळतात आणि मी पाहुणा एकटाच टाकी अडवून बसलोय. मी लगेच सरकून जागा केली, अगदी काठाला टेकलो. खालून मोठा आरडाओरडा झाला. मी हात हलवला आणि ओरडलो, "या जी या! लय जागा आहे इथी!"

कुणीच येईना. उलट दोघीतिघी रडायला लागल्या. चार जणांनी एक ताडपत्री आणली आणि टाकीखाली ताणून धरली. धान वाळवायला असेल, म्हटलं. पण हवेत धरून कुठं वाळवतात? म्हटलं, तिथली पद्धत असेल, घरी जाऊन सांगू.

तेवढ्यात एक म्हातारी शिडीनं वर आली. सत्तरीची तरी असेल. पाय पोटरीपर्यंत चिखलात, थेट बांधीतून आलेली. हळूच माझ्याशेजारी आली, माझा दंड घट्ट धरला आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगायला लागली. फार मायेनं.

"हो माय," मी म्हटलं, "रेंज खाली नाई ना. वर आहे." आणि आभाळाकडे बोट दाखवलं.

तिनं जोरजोरात मान हलवली, दंड आणखी घट्ट धरला आणि तिचे डोळे भरून आले. ते पाहून माझेही भरले. साडेचार वाजून गेले होते. माझ्या एका हट्टापायी पोरीची सीट जाणार होती, आणि हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी सरळ रडायला लागलो. रडत रडत फोनमधला शीतलचा फोटो म्हातारीला दाखवला, मग रिकामा फोन हलवून दाखवला.

म्हातारीनं फोटो बघितला. मला बघितलं. मग फोन हातात घेऊन नीट बघितला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. बैल सुटून शेजाऱ्याच्या बांधीत शिरला की माझी बायको माझ्याकडे बघते, अगदी तसं. मग तिनं चिखलाचं बोट कपड्याला पुसलं नाही काही, तसंच काचेवर वरून खाली ओढलं आणि एकदा दाबलं.

टिंग! टिंग टिंग टिंग! तीन दिवसांचे मेसेज धडाधड कोसळले, आणि पाठोपाठ शीतलचा फोन.

"बाबा! लागला! आता मागवला, आला का? सांगा लवकर!"

आला! मी टाकीवर उभा राहून एकेक आकडा बोंबलून सांगितला. पलीकडे खटखट आवाज. म्हातारी माझा दंड सोडायलाच तयार नाही.

"झालं बाबा! सीट पक्की!"

मी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. खाली टाळ्या वाजल्या. मला वाटलं, बघा किती चांगली माणसं, शीतलच्या ॲडमिशनच्या टाळ्या वाजवतात!

खाली उतरल्यावर गाईड धापा टाकत आला आणि त्यानं सगळं उलगडून सांगितलं. गावाला वाटलं होतं, हा परदेशी माणूस टाकीवरून जीव देतोय. फोन उंच केले ते माझा व्हिडिओ काढायला. ताडपत्री माझ्यासाठी. आणि म्हातारी? ती मला सांगत होती, "बाळा, जे झालं ते झालं, आधी जेवायला चल."

आणि खरंच तिनं जेवू घातलं. मला एकट्याला नाही, आमच्या अख्ख्या बसला. भात आणि मासोळी, आपल्यासारखीच. तिला माझं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, तरी माझ्यासाठी ती त्या वयात टाकीवर चढली. माझ्या पोरीच्या शिक्षणात त्या माउलीचा वाटा आहे, हे मी कुणापुढेही सांगेन. आज शीतल कॉलेजात जाते आणि मी मनातल्या मनात म्हातारीला हात जोडतो.

जेवताना गाईडनं माझा फोन पाहिला आणि विचारलं, "भाईसाब, माँजी ने एरोप्लेन मोड बंद किया. ये हवाई जहाज कब से चालू था?"

म्हटलं, नागपूरपासून. विमानातल्या बाईनं लावून दिलं होतं.

"तीन दिन दिखा नहीं?"

दिसलं नाही कसं? रोज दिसायचं! मला वाटलं, मालक परदेशात आलाय हे फोनला बरोबर कळलंय. मी तर मोरेश्वरभाऊंचा फोन बघून हळहळायचो, एवढा महागाचा घेतला, पण बिचाऱ्याच्या फोनवर अजून विमान आलं नाही!