सुमित्राबाईची चुंभळ

संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात देवरीच्या रस्त्यावर शालीकराम नावाच्या शेतकऱ्याला चारेक वर्षांची एक पोर सापडली. आजूबाजूला कोणी नव्हतं. छातीशी तिने मण्यांची एक वस्तू धरली होती, ती काही केल्या सोडेना. शालीकरामने तिला बैलबंडीत घालून घरी आणलं, सुमित्रा नाव ठेवलं आणि पोटच्या लेकीसारखी वाढवली. पुढे चैतरामने जातपात न विचारता तिच्याशी लग्न केलं. धानाच्या चार बांध्या, एक लेक रुख्मा, असा संसार झाला.

ती वस्तू पेटीच्या तळाशीच राहिली. वीतभर रुंद कापडी कडं, त्यावर लाल-पांढरे मणी दाट ओवलेले, आणि एका बाजूने लोंबणारी कवड्यांची पट्टी. कोणी म्हणे बैलाच्या कपाळाचा साज, कोणी म्हणे देवाचा. सुमित्राबाईने विचारणंच सोडून दिलं.

रुख्माची सोयरीक जमली तेव्हा विहिणीने सहज विचारलं, "तुमचं खरं माहेर कोणतं वो?" सुमित्राबाईने विषय बदलला आणि रात्री पेटीतून ती मण्यांची वस्तू काढली. पुढच्या बाजारी ती वस्तू घेऊन अनुसयाबाई पटविणीकडे गेली. मणी ओवण्यात तिचा जन्म गेला होता.

अनुसयाबाईने कड्यात हात घालून पाहिलं. "बैलाचं नोहे हे. चुंभळ होय. डोईवर ठेवायची, वर घागर. पट्टी मागं पाठीवर येते. लमाणांच्या बाया करतात. तांड्यावर जाऊन विचार."

देवरीपलीकडे जंगलाच्या कडेला लमाणांचा तांडा होता. तिथल्या म्हातारीला नीट दिसत नव्हतं. तिने कवड्या बोटांनी चाचपल्या.

"आमची नवरी पहिली घागर हिच्यावर आणते," ती म्हणाली. "लेक लहान असते तेव्हापासूनच माय शिवाले बसते." मग तिने चुंभळीची आतली बाजू नाकाशी नेली. "तुनं कधी डोईवर घेतली?"

"नाही."

"कोणीच घेतली नाही. तेलाचा वास नाही, पाण्याचा डाग नाही. तुह्या मायनं तुह्यासाठीच शिवली, बाई."

सुमित्राबाईने चुंभळ परत घेतली आणि छातीशी धरली. आपल्याला टाकून दिलं, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. म्हातारीला तिच्या आईचं नाव सांगता आलं नाही; त्या साली कितीतरी तांडे त्या वाटेने गेले होते. पण तिने सुमित्राबाईला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

विहिणीला हे सांगते म्हटल्यावर घरी चैतराम घाबरला. "विहिणीले सांगतेस कायले? लग्न मोडलं तर?"

"लपवून पोरगी द्याची नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी विहिणीसमोर चुंभळ ठेवून तिने सगळं सांगितलं.

विहिणीने कवड्यांवरून हात फिरवला. "फाटक्या लुगड्याची चुंभळ करून पाणी वाह्यलं मी जन्मभर," ती म्हणाली. "मह्या मायले असं काही सुचलं नाही. रुख्माले हिच्यावरच पाणी आणू द्या."

लग्नाच्या सकाळी रुख्माने मात्र चुंभळ आईच्या हातात दिली. "आधी तू."

अडतीस वर्षांची सुमित्राबाई लाजली, नाही-नाही म्हणाली. शेवटी तिने चुंभळ डोईवर बसवली, वर भरली घागर घेतली आणि विहिरीवरून मांडवाकडे निघाली. पाणी हिंदकळून मण्यांवर सांडलं. बायांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.